राष्ट्रपतिपदाची निवडणूक : पात्रतेपासून शपथेपर्यंत, पायरीपायरीने

दादरच्या एका अभ्यासिकेत रविवारी सकाळी मी स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांना राज्यघटना शिकवतो. राष्ट्रपतींच्या निवडणुकीचा धडा आला की दरवर्षी कोणीतरी विचारतेच, "सर, मी उभा राहू शकतो का?" वर्ग हसतो, पण प्रश्न रास्त आहे. त्याचे प्रामाणिक उत्तर ‘हो, पण’ असे आहे आणि सगळी प्रक्रिया त्या ‘पण’मध्ये दडलेली आहे. पात्रतेच्या अटी चार ओळींत संपतात. उमेदवार अडतो तो शंभर सह्यांपाशी आणि विद्यार्थी अडतो तो मतमूल्याच्या गणितापाशी. बाजारातली बरीचशी पुस्तके अटींवर दोन पाने खर्च करून गणित एका सूत्रात उरकतात, म्हणून येथे भर त्या गणितावर ठेवला आहे.

पहिली पायरी : पात्रता तपासून घ्या

राज्यघटनेच्या ५८व्या कलमानुसार उमेदवार भारताचा नागरिक असावा, त्याने वयाची ३५ वर्षे पूर्ण केलेली असावीत आणि लोकसभेचा सदस्य म्हणून निवडून येण्यास तो पात्र असावा. शिक्षणाची अट नाही, वयाची कमाल मर्यादा नाही, आणि जन्म भारतातच झालेला असावा असेही घटना म्हणत नाही. नागरिकत्व पुरेसे आहे. लोकसभेसाठीच्या पात्रतेत एक गोष्ट अध्याहृत आहे, ती म्हणजे देशातील कोणत्या तरी लोकसभा मतदारसंघाच्या मतदार यादीत आपले नाव असले पाहिजे. गिरगावातून परळला किंवा परळहून विरारला बिऱ्हाड हलवताना यादीतले नाव मागेच राहून गेलेले अनेक जण माझ्या ओळखीचे आहेत. तेव्हा वयाच्या दाखल्याआधी यादी पाहावी, हे उत्तम.

याच कलमाचा दुसरा भाग लाभाच्या पदाचा आहे. केंद्र सरकार, राज्य सरकार किंवा त्यांच्या नियंत्रणाखालील स्थानिक अथवा अन्य प्राधिकरण यांच्याकडे लाभाचे पद धारण करणारी व्यक्ती उमेदवार होऊ शकत नाही. मुंबईच्या भाषेत सांगायचे तर मंत्रालयातील कक्ष अधिकाऱ्याने किंवा महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसातील अभियंत्याने आधी नोकरी सोडली पाहिजे. मात्र विद्यमान राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, राज्यपाल आणि केंद्रातील वा राज्यांतील मंत्री यांची पदे या कारणासाठी लाभाची मानली जात नाहीत, असे कलमातच स्पष्ट केले आहे. २००७ मध्ये जळगावच्या प्रतिभाताई पाटील यांचे नाव पुढे आले तेव्हा त्या राजस्थानच्या राज्यपाल होत्या, आणि त्यामुळे पात्रतेला बाध येत नव्हता. खासदार किंवा आमदारही उभा राहू शकतो. निवडून आल्यास राष्ट्रपतिपदाची सूत्रे हाती घेतल्याच्या दिवशी त्याची सभागृहातील जागा आपोआप रिकामी झाली असे मानले जाते.

हा मुद्दा कागदावर दिसतो तितका सरळ नाही. २०१२ च्या निवडणुकीनंतर पराभूत उमेदवार पी. ए. संगमा यांनी, निवडून आलेले प्रणव मुखर्जी हे भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्ष म्हणून लाभाच्या पदावर होते, असा आक्षेप घेऊन सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली होती. पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ती याचिका फेटाळली खरी, पण तीन विरुद्ध दोन अशा मतांनी.

दुसरी पायरी : शंभर सह्या आणि पंधरा हजार रुपये

निवडणूक आयोगाची अधिसूचना निघाली की नामनिर्देशनपत्रे दाखल करण्यासाठी चौदाव्या दिवसापर्यंत मुदत असते. पत्रावर किमान ५० मतदारांच्या सूचक म्हणून आणि आणखी ५० मतदारांच्या अनुमोदक म्हणून सह्या लागतात, आणि येथे ‘मतदार’ म्हणजे राष्ट्रपतींच्या निवडणुकीत मत देणारा खासदार किंवा आमदार. चाळीतल्या शंभर शेजाऱ्यांच्या सह्या कितीही मनापासून दिलेल्या असल्या तरी येथे त्यांचा उपयोग नाही. शिवाय एका मतदाराला सूचक किंवा अनुमोदक म्हणून एकाच नामनिर्देशनपत्रावर सही करता येते. त्यामुळे एखादा मोठा पक्ष किंवा आघाडी पाठीशी नसेल तर ही पायरी ओलांडणे जवळजवळ अशक्य आहे, आणि ती तशी असावी हाच तिचा हेतू आहे.

हा हेतू एकदम आला नाही. १९६७ मध्ये तब्बल १७ उमेदवार रिंगणात होते आणि त्यांपैकी नऊ जणांना एकही मत पडले नव्हते. १९७४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन दहा सूचक, दहा अनुमोदक आणि अडीच हजार रुपये अनामत अशी अट आली. १९९७ मध्ये ती ५०, ५० आणि १५,००० अशी वाढवण्यात आली. त्याआधी, १९७७ मध्ये, ३७ जणांनी अर्ज भरले होते, पण छाननीत ३६ अर्ज बाद झाले आणि नीलम संजीव रेड्डी बिनविरोध निवडून आले. २०२२ मध्येही शंभरावर अर्ज आले आणि मतपत्रिकेवर दोनच नावे उरली. गंभीर नसलेल्या उमेदवारांना चाप लागला हे चांगले. पण नाव नोंदवण्यापुरते उभे राहण्याचा मान सामान्य नागरिकाकडून गेला, याची मला थोडी खंतही वाटते.

नामनिर्देशनपत्रासोबत मतदार यादीतील आपल्या नोंदीचा प्रमाणित उतारा जोडावा लागतो, आणि तो नसेल तर सह्या शंभर असोत वा दोनशे, अर्ज टिकत नाही. हा उतारा आपल्या मतदारसंघाच्या मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडून मिळतो. अनामत रक्कम निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे रोख भरता येते किंवा आधी रिझर्व्ह बँकेत वा सरकारी कोषागारात भरून पावती जोडता येते. निवडणूक निर्णय अधिकारी म्हणून लोकसभा आणि राज्यसभा यांचे महासचिव आळीपाळीने काम पाहतात. २०२२ मध्ये ही पाळी राज्यसभेची होती. अर्ज स्वतः उमेदवाराने किंवा त्याच्या सूचक-अनुमोदकांपैकी कोणी तरी दिल्लीत सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळेत प्रत्यक्ष नेऊन द्यायचा असतो. टपालाने पाठवलेला चालत नाही. एका उमेदवाराला जास्तीत जास्त चार पत्रे भरता येतात. दुसऱ्या दिवशी छाननी होते आणि त्यानंतर दोन दिवसांत माघार घेता येते.

तिसरी पायरी : मत कोणाला आहे, ते नीट ओळखा

५४व्या कलमातील निर्वाचक मंडळात संसदेच्या दोन्ही सभागृहांचे निवडून आलेले सदस्य आणि राज्यांच्या विधानसभांचे निवडून आलेले सदस्य येतात. १९९२ च्या सत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर दिल्ली आणि पुदुच्चेरी येथील आमदारही त्यात आले. राज्यसभेतील १२ नामनियुक्त सदस्यांना येथे मत नाही.

आपल्याकडे हमखास होणारी चूक विधान परिषदेबाबतची आहे. नरिमन पॉइंटच्या विधान भवनात दोन सभागृहे आहेत, आणि परिषदेच्या ७८ सदस्यांपैकी एकालाही या निवडणुकीत मत नाही, मग तो सदस्य राज्याचा मुख्यमंत्री का असेना. २०१२ मध्ये पृथ्वीराज चव्हाण मुख्यमंत्री होते, पण ते परिषदेचे सदस्य असल्यामुळे प्रणव मुखर्जी यांच्या निवडणुकीत त्यांना मत नव्हते, आणि त्यांच्या पक्षाच्या पहिल्यांदाच निवडून आलेल्या आमदाराला मात्र होते. उपराष्ट्रपतींची निवडणूक याहून अगदी निराळी असते : तेथे फक्त खासदार मत देतात, त्यांत नामनियुक्तही येतात, आणि प्रत्येक मताचे मूल्य एकच असते. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राचे तत्कालीन राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन ४५२ मतांनी उपराष्ट्रपती झाले, तो आकडा म्हणजे ४५२ खासदार. राष्ट्रपतींच्या निकालातले लाखांचे आकडे पाहून गोंधळलेल्यांनी हा फरक लक्षात ठेवावा.

चौथी पायरी : मताचे मूल्य काढायला शिका

आता फळ्यावरचे गणित. घटनाकारांपुढे दोन प्रश्न होते : लहान-मोठ्या राज्यांना त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात वजन कसे द्यायचे आणि सर्व राज्ये मिळून केंद्राच्या संसदेइतकीच वजनदार कशी ठरतील. ५५व्या कलमातील दोन भागाकारांनी हे दोन प्रश्न सोडवले आहेत.

पहिला भागाकार आमदारासाठी. राज्याची लोकसंख्या घ्या, तिला विधानसभेतील निवडून येणाऱ्या सदस्यांच्या संख्येने भागा, आणि आलेल्या उत्तराला पुन्हा हजाराने भागा. दुसऱ्या भागाकाराची बाकी पाचशेहून कमी नसेल तर मूल्य एकाने वाढवा, कमी असेल तर सोडून द्या. महाराष्ट्राची लोकसंख्या ५,०४,१२,२३५ धरली जाते. तिला २८८ ने भागले की सुमारे १,७५,०४२ येतात, हजाराने भागले की १७५ येतात आणि बाकी ४२ उरते, म्हणजे ती सोडून द्यायची. महाराष्ट्राच्या प्रत्येक आमदाराच्या मताचे मूल्य १७५, आणि सगळ्या विधानसभेचे मिळून ५०,४००.

येथे वर्गात कोणीतरी हात वर करतेच, कारण महाराष्ट्राची लोकसंख्या पाच कोटी कधी होती? ती १९७१ च्या जनगणनेत होती. कुटुंबनियोजन यशस्वी करणाऱ्या राज्यांचे वजन घटू नये म्हणून बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तो आकडा गोठवला आणि चौऱ्याऐंशीव्या दुरुस्तीने २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत त्याला मुदतवाढ दिली. त्यामुळे राष्ट्रपतींच्या निवडणुकीपुरती मुंबई अजून सुमारे साठ लाखांची आहे. २०११ च्या जनगणनेत ती सव्वा कोटीच्या घरात गेली, याची या गणिताला खबर नाही.

उत्तर प्रदेशातील आमदाराचे मूल्य सर्वाधिक, म्हणजे २०८ आहे. सिक्कीमची लोकसंख्या २,०९,८४३ आणि आमदार ३२. भागाकार ६,५५७ येतो, हजाराने भागल्यावर सहा आणि बाकी पाचशेच्या वर, म्हणून मूल्य सात. हे उदाहरण मी मुद्दाम देतो, कारण उरलेल्या बाकीमुळे मूल्य एकाने वाढवण्याचा नियम महाराष्ट्राच्या गणितात दिसत नाही, सिक्कीमच्या गणितात दिसतो.

दुसरा भागाकार खासदारासाठी. देशभरातील सर्व आमदारांच्या मतमूल्यांची बेरीज करायची आणि तिला निवडून आलेल्या खासदारांच्या संख्येने भागायचे. येथे अर्ध्याहून मोठा अपूर्णांक एक धरतात. २०२२ मध्ये ४,०३३ आमदारांचे एकूण मूल्य ५,४३,२३१ होते आणि खासदार ७७६, म्हणून प्रत्येक खासदाराचे मूल्य ७०० आले. खासदारांची बेरीज ५,४३,२००, आमदारांची ५,४३,२३१. दोन पारडी कशी समान होतात ते येथे उघड दिसते. २०१७ मध्ये हेच मूल्य ७०८ होते. जम्मू-काश्मीरला २०२२ साली विधानसभा नव्हती, त्यामुळे भाज्य आकडा लहान झाला आणि मूल्य आठाने उतरले. जुनी पुस्तके अजून ७०८ हाच आकडा कायमचा असल्यासारखा छापतात. पाठ करू नका, प्रत्येक निवडणुकीच्या वेळी तो नव्याने काढला जातो.

हे आकडे आपल्या शहरावर लावून पाहा. मुंबईतून विधानसभेवर ३६ आमदार जातात, म्हणजे ६,३००. लोकसभेवर सहा खासदार जातात, म्हणजे २०२२ च्या हिशेबाने ४,२००. बेरीज १०,५००. सबंध महाराष्ट्राची, राज्यसभेचे १९ सदस्य धरून, ९७,३००. एकूण निर्वाचक मंडळाचे मूल्य तेव्हा १०,८६,४३१ होते. शिवसेनेने २००७ मध्ये स्वतःच्या आघाडीचे उमेदवार भैरोसिंह शेखावत यांना सोडून मराठी उमेदवार म्हणून प्रतिभाताईंना मते दिली, त्या निर्णयाचे वजन कशात मोजायचे, ते या आकड्यांवरून कळते.

पाचवी पायरी : मतदानाचा दिवस

माघारीची मुदत संपल्यावर किमान पंधराव्या दिवशी किंवा त्यानंतर मतदान होते. दिल्लीत संसद भवनात आणि राज्यांत विधानसभेच्या इमारतीत केंद्रे असतात. खासदाराला आधी कळवून आपल्या राज्याच्या राजधानीत मत देता येते. मुंबईत हे सगळे विधान भवनात घडते. मतदान यंत्र येथे वापरत नाहीत, कारण त्याचे काम एका नावापुढचे एक बटण मोजण्याचे आहे आणि येथे पसंतीचा क्रम नोंदवायचा असतो.

आमदाराच्या हाती गुलाबी मतपत्रिका येते, खासदाराला हिरवी मिळते. तिच्यावर दोन रकाने असतात, एकात उमेदवाराचे नाव आणि दुसऱ्यात पसंतीक्रम लिहिण्याची मोकळी जागा. चिन्ह कोणाचेच नसते. खिशातले पेन बाहेर ठेवावे लागते आणि आयोगाने पुरवलेले जांभळ्या शाईचे पेन दिले जाते. २०१६ मध्ये हरियाणातील राज्यसभा निवडणुकीत वेगळ्या पेनामुळे मते बाद झाल्यावर, २०१७ पासून हा शिरस्ता आला. पहिल्या पसंतीच्या उमेदवारापुढे १ हा अंक लिहिणे सक्तीचे आहे. पुढचे क्रम ऐच्छिक. अंक मराठीत लिहिला तरी चालतो, रोमन अंकही चालतो, पण ‘एक’ असे अक्षरांत लिहिले की मत बाद. दोन नावांपुढे १ लिहिला, १ लिहिलाच नाही, किंवा मतदार ओळखू येईल अशी खूण केली, तरीही बाद. कायदे करणाऱ्यांनाच हा कायदा जड जातो, हे २०२२ च्या आकड्यांत दिसते : ४,७५४ मतांपैकी ५३ अवैध ठरली.

या मतदानाला पक्षादेश लागू होत नाही. पक्ष विनंती करू शकतो, व्हिप काढू शकत नाही, आणि राज्यसभेच्या निवडणुकीसारखी मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवण्याचीही पद्धत येथे नाही.

मतदान संपले की पेटी सीलबंद होते आणि विमानाने दिल्लीला जाते. २०२२ मध्ये या पेट्यांसाठी ‘मिस्टर बॅलट बॉक्स’ या नावाने स्वतंत्र तिकिटे काढली होती आणि पेटी विमानात पुढच्या रांगेत, अधिकाऱ्याच्या शेजारच्या आसनावर ठेवली जात होती. पेटी सामानाच्या कप्प्यात टाकली तर तिच्यावरची नजर सुटते, एवढे साधे कारण त्यामागे आहे.

सहावी पायरी : मोजणी

मोजणी दिल्लीत होते. वैध मतांच्या एकूण मूल्याला दोनने भागायचे, अपूर्णांक सोडून द्यायचा आणि एक मिळवायचा. हा झाला विजयाचा कोटा. २०२२ मध्ये वैध मूल्य १०,५६,९८० होते, म्हणून कोटा ५,२८,४९१. द्रौपदी मुर्मू यांना ६,७६,८०३ आणि यशवंत सिन्हा यांना ३,८०,१७७ मिळाले, त्यामुळे पहिल्या पसंतीतच काम संपले. सर्वाधिक मते पुरेशी नसतात, कोटा ओलांडावाच लागतो. कोणीच तो ओलांडला नाही तर सर्वात कमी मूल्याचा उमेदवार बाद करून त्याच्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीनुसार उरलेल्यांना वाटतात, आणि कोटा पुरा होईपर्यंत किंवा एकच उमेदवार शिल्लक राहीपर्यंत हे चालू राहते. कोट्यासाठी लागणाऱ्या मूल्याच्या एक षष्ठांशाहून अधिक मते मिळाली नाहीत तर अनामत जप्त होते.

दुसऱ्या पसंतीपर्यंत जाण्याची वेळ एकदाच आली आहे, आणि तिच्यात एका मराठी माणसाची मते निर्णायक होती. झाकिर हुसेन यांच्या निधनानंतर ऑगस्ट १९६९ मध्ये निवडणूक झाली. व्ही. व्ही. गिरी अपक्ष, नीलम संजीव रेड्डी काँग्रेसचे अधिकृत उमेदवार, आणि तिसरे चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये केंद्रातील अर्थमंत्रिपद सोडणारे. इंदिरा गांधींनी सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत देण्याचे आवाहन केल्याने काँग्रेसची मते फुटली होती. वैध मतांचे मूल्य ८,३६,३३७ आणि कोटा ४,१८,१६९. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मिळाली.

किरकोळ उमेदवारांपाठोपाठ देशमुखही बाद झाले आणि त्यांच्या मतपत्रिकांवरचा दुसरा अंक पाहिला गेला. या सगळ्या वाटपातून रेड्डींच्या पारड्यात ९१,८७९ इतके मूल्य पडले, गिरींच्या पारड्यात अवघे १८,५६२. म्हणजे रेड्डींना जवळपास पाचपट मिळाले. तरी गिरी ४,२०,०७७ वर पोहोचून कोटा ओलांडून गेले आणि रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले. काही मतपत्रिकांवर दुसरी पसंती लिहिलेलीच नव्हती, त्या तेथेच संपल्या. विद्यार्थ्यांना मी हे सहा आकडे कागदावर मांडायला लावतो. पसंतीक्रमानुसार एका उमेदवाराकडून दुसऱ्याकडे जाणारे हे मत, म्हणजेच एकल संक्रमणीय मत, काय असते, ते व्याख्येपेक्षा लवकर समजते.

उरलेल्या गोष्टी

निकालाला आव्हान फक्त सर्वोच्च न्यायालयात देता येते, तेही निकाल प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत, उमेदवाराला किंवा किमान २० मतदारांना मिळून. निर्वाचक मंडळातील एखादी जागा रिकामी होती, या कारणावर मात्र निवडणूक रद्द होत नाही. राष्ट्रपतींना सरन्यायाधीश शपथ देतात, कार्यकाळ पाच वर्षांचा असतो, आणि तीच व्यक्ती पुन्हा उभी राहू शकते. मुदत संपण्याआधी निवडणूक पुरी करावी लागते. पद मृत्यू, राजीनामा किंवा महाभियोगामुळे रिकामे झाले तर सहा महिन्यांच्या आत.

विद्यमान राष्ट्रपतींनी २५ जुलै २०२२ रोजी शपथ घेतली, म्हणजे त्यांची मुदत २४ जुलै २०२७ रोजी संपते. अधिसूचना त्याआधीच्या साठ दिवसांत निघते, तेव्हा मे २०२७ च्या अखेरीपासून निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवावे, आणि मतदार यादीतले आपले नाव त्याआधीच पाहून घ्यावे.